माजघरातली रुसूबाई

भाट्याच्या खाडीवरच्या होडीत, चैत्रातल्या रणरणत्या दुपारी, एक तरुण छत्री उघडून बसला होता आणि स्वतः उन्हात भाजत होता. छत्री होती ती त्याच्या मांडीवरच्या घासलेटच्या डब्यावर. डब्यात माती, आणि मातीत एक झाड... झाड कसलं, चार मलूल पानं!

समोर वडिलांशेजारी बसलेल्या सत्यवतीनं आधी ओठ दाबले, मग पदर तोंडाला लावला, आणि मग मात्र तिला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "हिला ऊन सोसत नाय. मला सोसतं."

"आजारी आहे का हो ती?"

"रुसलीय. कोलंबोहून आणलीय. वारा लागला की रुसते, ऊन लागलं की रुसते. काल बहिणीच्या शेळीनं एक पान खाल्लंन, तेव्हापासून तर बोलतच नाय."

"त्याआधी बोलायची?"

त्याचे कान लालबुंद झाले. ते उन्हानं, असं तो पुढे कितीतरी दिवस सांगत राहिला.

सत्यवतीच्या वडिलांनी, दाजींनी, त्याला न्याहाळलं. "तू सारंगांचा दत्ताराम ना रे? आगबोटीच्या इंजिनावर असतोस तो?"

तोच होता. आई-वडील राहिले नव्हते, रजेत बहिणीकडे उतरला होता, आणि बहिणीच्या शेळ्यांपासून झाड वाचवायला गावात सावलीची जागा शोधत निघाला होता.

"सावली ना? आमच्या माजघरात दिवसासुद्धा दिवा लागतो," दाजी म्हणाले. "आण तिकडे."

अशी रुसूबाई खाडीपलीकडे मांडवीला दाजींच्या घरी मुक्कामाला आली. माजघरातल्या छोट्या खिडकीखाली पाट मांडून तिला बसवलं. दत्तारामनं सत्यवतीला बजावलं, "रोज मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत मला मुंबईला जायचंय. तोवर हिनं पान धरलं, तर घेऊन जाईन."

"आणि नाही धरलं तर?"

"तर... पावसाळ्यानंतर परत यावं लागेल."

'परत यावं लागेल' हे त्यानं इतक्या दुःखानं म्हटलं, की सत्यवतीला तो थोडा आवडून गेला.

मग तो रोज दुपारी खाडी ओलांडून तब्येत बघायला येऊ लागला. झाडाची तब्येत बघायला कितीसा वेळ लागतो? पण दत्तारामला लागायचा. तो पानं पुसायचा, ती ओला फडका पुढे करायची. फडका देता-घेता बोटं लागायची, आणि दोघंही झाडाकडे फार लक्षपूर्वक बघायची.

रुसूबाई मात्र दिवसेंदिवस पिवळी पडत चालली. सत्यवती रोज मातीत बोट घालून बघायची. माती ओलीच! तिनं तर पाण्याचा एक थेंब घातला नव्हता. तिला रडूच येई. हे झाड मेलं, की त्याचं या घरातलं येणं संपलं. आज ना उद्या तो मोकळा डबा उचलून नेईल, आणि मग कुठल्या तोंडानं म्हणायचं, या म्हणून?

एके दिवशी दत्तारामनं वाकून मातीचा वास घेतला आणि तो चमकला. "सत्यवतीबाय, हिला बांगड्याचा वास कसा येतो?"

सत्यवतीनंही वाकून वास घेतला. खरंच, बांगडा!

"इश्श, मग काय झालं?" कमळावहिनी चुलीपुढून म्हणाली. "मासे धुतलेलं पाणी माडाला घालतो, शेवग्याला घालतो. हिनं काय घोडं मारलंय? म्हणून घालते हो अंमळ."

"आणि मी आंघोळ झाली की तुळशीला तांब्या घालते," भागूआत्या माळ ओढता ओढता म्हणाली, "त्यातला अर्धा हिला. डब्यातलं रोप, दारात नाय म्हणून काय तहानेलं ठेवायचं?"

ओटीवरून दाजी खाकरले. हात धुतल्यावर राहिलेलं पाणी तेही तिथंच ओतत होते, हे त्यांनी फार हळू आवाजात कबूल केलं.

दत्ताराम आधी कपाळाला हात लावून बसला, मग इतका हसला की पाटावरून घसरला. पाहुणीला प्रेमानं बुडवणारं असं घर त्यानं कोलंबोपर्यंत कुठे पाहिलं नव्हतं. त्यानं माती बदलली, खाली विटांचे तुकडे घातले, आणि भागूआत्याकडून तुळशीची शपथ घेववली.

रुसूबाईचा रुसवा निघाला. एक कोवळं पान उलगडलं... आणि मग एका सकाळी त्याच्या बगलेतून लाल कळी डोकावली. मेण लावल्यासारखं चकचकीत लाल फूल!

सत्यवती हरखली, आणि दुसऱ्याच क्षणी तिला त्याचे शब्द आठवले. पान धरलं तर घेऊन जाईन, म्हणाला होता. इथे तर फूल आलं होतं.

दुपारी तिनं डबा फिरवून फूल भिंतीकडे केलं आणि नाव सत्यवती असलेल्या त्या मुलीनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "काही सुधारणा नाही हो. तशीच आहे."

दत्तारामनं मान हलवली. "दिसतंच आहे. फारच अशक्त." आणि तो पाणी मागू लागला. ती पाणी आणायला आत गेली.

हे रोज चाललं. शेवटच्या आगबोटीच्या दिवशी तो पेटी घेऊनच आला. भागूआत्यानं त्याला बसायला पाट सरकवला, तो डब्याला लागला, डबा गर्रकन फिरला. "अगो बाय! केवढं हे फूल! आणि ही पोर तुला रोज सांगते, झाड मरतंय!"

आत्या हसत मागीलदारी निघून गेली. सत्यवतीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही न्याल म्हणून."

"ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही पाणी आणायला गेलात की मी डबा फिरवून फूल बघायचो... आणि परत भिंतीकडे करून ठेवायचो. झाड बरं झालं, असं मी कबूल केलं असतं, तर उद्या कशाला आलो असतो?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतके दिवस दोघंही ते फूल एकाच भिंतीकडे लपवत होती तर!

"हिला नेत नाय मी," तो म्हणाला. "नारळी पुनव झाली की येतो. हिला न्यायला, आणि... तुम्हालाही, तुमची मर्जी असली तर. दाजींना विचारू?"

"आधी मला विचारा."

"विचारलं की!"

"मग माझं हो आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका तो धीट होता. "आता पळा, दाजी मागीलदारी जाळं दुरुस्त करतायत. आगबोटीवर नेणारा धक्क्यावरचा पडाव सुटायला अजून अवकाश आहे."

तो धावला, पेटी तिथेच टाकून. सत्यवती माजघरातल्या अंधारात श्वास रोखून उभी राहिली. मागीलदाराकडून काही ऐकू येईना. मग दाजींचा खणखणीत आवाज आला, सगळ्या मांडवीला ऐकू जाईल असा:

"एवढंच होतं, तर इतके दिवस पानं काय पुसत बसलास रे, मेल्या!"