बाबांनी वाटलेला पासवर्ड

आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर एक अनोळखी तरुण बसला होता. मांडीवर लॅपटॉप, नाकावर घसरलेला चष्मा.

"इथे काय करताय?" मी विचारलं.

"वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय. माझं कनेक्शन अजून लागलं नाही, आणि तुमचं नेट वरपर्यंत पोहोचत नाही..."

"आमचं नेट?"

"तुमच्या बाबांनी पासवर्ड दिला."

लोक आल्यागेल्याला पाणी विचारतात, आमचे बाबा पासवर्ड देतात. मी घरून मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. गणित ऐन रंगात आलं की नेट अडकायचं आणि पडद्यावर माझं तोंड उघडंच्या उघडं राहायचं. कंटाळून मुलं क्लास सोडायला लागली होती. त्याच संध्याकाळी मी नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदलले. नाव ठेवलं, 'स्वतःचं घ्या'.

आणि घर बंद पडलं. टीव्ही रुसला, आईचा फोन रुसला, प्रिंटरने तर अबोलाच धरला. मी क्लासमध्ये अडकलेली. मग बाबांनी सगळं जोडून द्यायला वरच्यालाच बोलावलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी बाहेर आले, तर तो सोफ्यावर चहा घेत होता.

"नाव छान ठेवलंय," तो म्हणाला.

मी पासवर्ड पुन्हा बदलला. बाबांना बजावलं, कोणालाही द्यायचा नाही.

"कोणाला देतोय मी?" बाबा म्हणाले. "तो आपलाच आहे."

पुन्हा हाक, पुन्हा तो हजर. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. राउटरखालची बारीक अक्षरं मी डोळे ताणून वाचत होते, तर म्हणतो, "नंबर वाढलाय तुमचा. दुकानात या, तपासून देतो."

"तुम्ही आमचं नेट सोडा, सगळं स्वच्छ दिसेल मला."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा घसरतो, आणि तो एका बोटाने वर ढकलतो... हे मी का बघत होते, कोण जाणे.

मग त्याला स्वतःचं कनेक्शन मिळालं. क्लास सुरळीत झाला, मुलं परत आली. आणि मला कशातच गोडी वाटेना. चिडायला हक्काचं माणूसच उरलं नव्हतं. शेवटी एका रविवारी, काही कारण नसताना, मी पासवर्ड बदलला.

टीव्ही रुसला. बाबांनी जिन्यात जाऊन हाक मारली. तो आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आता कोणाला हाकलताय?"

"कोणाला नाही..."

तो प्रिंटरसमोर बसला. मान खाली घालूनच म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. त्याचा पासवर्ड कितीदाही बदला, घरातलं काही तुटत नाही."

"हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी इतके दिवस... आईचा फोन, टीव्ही, हा मेला प्रिंटर—"

"सांगितलं असतं, तर बाबांनी मला कशाला बोलावलं असतं?" चष्मा घसरला. त्याने वर ढकललाच नाही. "मला यायचं असायचं. नेटसाठी नाही... तुमच्यासाठी."

राउटर त्याच्या डोक्यात घालावा, इतका राग आला मला. आणि तितकंच बरंही वाटलं.

"मग... काढून देऊ पाहुण्यांचं वेगळं?" त्याने हळूच विचारलं.

मी त्याच्या हातातून त्याचा फोन काढून घेतला आणि त्यात घरचा नवा पासवर्ड स्वतः टाकला.

"काढ की. पाहुणे आले की देऊ त्यांना," मी म्हणाले. "तू घरचंच वापर."