मुळासकट

दगड सणसणत आला आणि थेट आत्याच्या कपाळावर बसला! हातातल्या वहीसकट ती खाली कोसळली.

"आत्या!" चष्मिस किंचाळली.

टेकडीच्या कडेवरून लाल टोपी घातलेलं एक डोकं झटकन मागे सरलं. रस्त्याच्या कामावरचा मुकादम!

आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बारा वर्षांची चष्मिस, तिचा आडदांड भाऊ पैलवान आणि धाकटी चिमणी ही भाचरं सुट्टीत तिच्याकडे आली होती. गेले चार दिवस सगळी मिळून टेकडीवर एक पिवळं रानफूल मोजत होती. फूल इथल्याच मातीतलं, वर्षानुवर्षं त्याच जुन्या मुळातून फुटणारं. आता फार थोडं उरलेलं. ते इथे आहे हे सिद्ध झालं, तर रस्ता टेकडी न फोडता वळसा घालून जाणार होता. वनखात्याच्या अधिकारीबाई तासाभरात पाहणीला येणार होत्या.

चिमणीने आत्याच्या जखमेवर ओढणी दाबून धरली. ती बघता बघता लाल झाली.

"मी ठीक आहे गं," आत्या कण्हली. "आधी फुलं बघा. काल ती अशी नव्हती!"

चष्मिस खाली वाकली. फूल तसंच पिवळं, पण पान मऊ. कालचं पान तर पॉलिशपेपरसारखं खरखरीत होतं! तिने झाड ओढलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं दोऱ्यांच्या गोंड्याएवढी, माती भुसभुशीत.

"हे तर बाहेरून आलेलं तण! वर्षभरात उगवतं नि मरतं. आपली झाडं उपटून कुणीतरी हे खोचलंय!"

"मग आपली गेली कुठे?" पैलवानाने विचारलं.

तेवढ्यात अवजारांच्या पत्र्याच्या शेडमागून धूर निघाला. चिमणीला आत्यापाशी ठेवून दोघं धूम पळाली.

मुकादम एक पोतं पेटवत होता. पोत्यातून पिवळी फुलं डोकावत होती!

"सोड ते!" पैलवानाने झेप घेतली. मुकादमाने फाडकन त्याच्या तोंडावर ठेवून दिली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं. तरी पठ्ठ्याने पोतं सोडलं नाही! त्याने मुकादमाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मुकादम ओरडला आणि त्याने पैलवानाचा गळाच आवळला.

"मरतोस आता, कारट्या!"

शेजारी उतारावर पाण्याचं भरलेलं पिंप होतं, एका दगडाच्या टेकूवर. चष्मिसने सगळा जीव एकवटून दगडाला लाथ घातली. धडाम्! पिंप मुकादमाच्या नडग्यांवर आदळलं. तो हाडं मोडल्यासारखा बोंबलत चिखलात पडला आणि आग फुस्सकन विझली.

त्याच वेळी खाली जीप थांबली. अधिकारीबाई धावत वर आल्या.

"बाई, ही पोरं चोर आहेत!" मुकादमाने कांगावा केला. "मुळं दुसरीकडून आणलीत. इथे नुसतं तण आहे!"

बाईंनी चष्मिसकडे पाहिलं. "काय गं, खरं आहे का हे?"

चष्मिसने पोत्यातून एक मूळ काढलं. अंगठ्याएवढं जाड, लाकडासारखं टणक, वर मागच्या वर्षांच्या वाळल्या काड्यांचे खुंट. खाली मात्र ताजं तुटलेलं.

"बाई, माझ्याबरोबर या!"

तण खोचलेल्या जागी तिने नखांनी माती उकरली. एका खड्ड्यात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागलं. जमिनीत घट्ट रुतलेला मुळाचा तुकडा! तिने हातातलं मूळ त्यावर टेकवलं. खाचेत खाच बरोब्बर बसली!

"बाहेरून आणलेलं मूळ असं जुळेल का?"

मुकादम लंगडत पळू लागला. बाईंनी ड्रायव्हरला त्याला धरून ठेवायला सांगितलं आणि पोलिसांना फोन लावला. "टेकडीचं काम आजपासून बंद!" त्या म्हणाल्या. "शाब्बास, पोरांनो! मोठ्यांनाही हे जमलं नसतं."

कपाळाला पट्टी बांधून आत्या सावकाश उठली. चौघांनी मिळून वाचलेली मुळं पुन्हा मातीत लावली.

"आत्या, एवढं जाळलं, तोडलं," पैलवान सुजलेल्या ओठांनी पुटपुटला, "जगतील ना गं ही?"

आत्याने त्याच्या ओठाचं रक्त हळूच पुसलं.

"जगतील रे! तुझ्यासारखीच आहेत ती. सगळ्यांना पुरून उरणारी!"