सतरंजीखालचा आवाज

मोरवेळीच्या शाळेत आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, यात नवल काहीच नाही. ती पद्धत पार जुनी आहे. नवल आत गेल्यावर होतं. हॉलमध्ये सातवीची पोरं नुसता गलका करत होती आणि त्यांना गप्प करायला थोरवे बाईंनी तोंडसुद्धा उघडलं नाही. त्यांनी उजवी टाच फरशीवर दोनदा आपटली. सगळ्यांच्या अनवाणी तळव्यांना एकदम गुदगुल्या झाल्या आणि पोरं चिडीचूप झाली.

"बाई, आज लई जोरात आपटली टाच," गळ्यात हलगी अडकवलेली आर्शिया मुलाणी म्हणाली. "टेन्शन आलंय काय?"

"आलंय," बाई म्हणाल्या. या फरशीवर थरथरते पाय लपवता येत नसत.

टेन्शन केतकीबद्दल होतं. केतकी जगदाळे लेझीम पथकाच्या सर्वांत पुढे उभी होती आणि आनंदाने नुसती उड्या मारत होती. ती जन्मापासून ऐकू शकत नव्हती. कानापासून मेंदूकडे जाणारी शीरच तिच्यात नीट तयार झालेली नव्हती, त्यामुळे कानात यंत्र बसवूनही उपयोग नव्हता. तिसरीपासून ती या शाळेत होती. सगळे तिच्याशी गोड वागत, तिला खाऊ देत, आणि पाच मिनिटांत तिला विसरून जात. गॅदरिंगला तिच्या हातात शाळेच्या नावाची पाटी देऊन तिला कोपऱ्यात उभं करत.

मग दीड वर्षापूर्वी पुण्याहून काही तरुण संशोधक आले आणि त्यांनी हॉल आणि सातवीच्या वर्गात स्पंदनफरशी बसवली. फरशीच्या वरच कागदाएवढा पातळ, पारदर्शक थर. कोणी बोललं की छतातले माइक ते टिपत. केतकी कुठे उभी आहे हे त्या थराला तिच्या चालीवरून कळे, आणि ते बोलणं तिच्या तळव्याखाली थरथर होऊन उमटे. घशातले आवाज टाचेकडे, ओठांतले आवाज अंगठ्याकडे. सुरुवातीला तिला सगळंच सारखं वाटायचं. मग एका सकाळी हजेरी चालू असताना, स्वतःचं नाव येताच, तिने हात वर केला. त्या दिवशी थोरवे बाई फळ्याकडे तोंड करून रडल्या होत्या.

संशोधकांनी ती सोय एकट्या केतकीसाठीच ठेवली होती. बाईंनी हट्ट धरला, "सगळ्यांच्या पायांना चालू करा. एकटीलाच वेगळं काही दिलं की ती वेगळीच राहते." तेवढ्या एका गोष्टीने शाळाच बदलली. पोरांनी महिनाभरात अंगठ्याने टकटक करून बोलायची युक्ती काढली. टकटक हॉलभर पसरायची आणि केतकीलाही बोलता यायचं. ती भलतीच वात्रट निघाली. हेडसरांच्या भाषणात तिने पायाने काहीतरी टिप्पणी केली की अख्खा हॉल फिदीफिदी हसे आणि सरांना कारण कळत नसे. शेवटी सरही गुपचूप शिकले.

पण आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि तिथे साधी फरशी होती. प्रयोगाची मुदत संपत आली होती. पुढे काय, हे आज शिक्षणाधिकारी नलवडे मॅडम ठरवणार होत्या. एक तर वरही ही फरशी बसणार, नाही तर केतकी साताऱ्याच्या निवासी शाळेत जाणार. तिच्या आईने लोखंडी ट्रंक घेऊन ठेवली होती, वर नावही रंगवलं होतं. ती ट्रंक पाहिल्यापासून केतकी आईशी धड बोलत नव्हती.

पाहुणे आले. मॅडम चांगल्या होत्या, मनमिळाऊ होत्या, आणि काळजीत होत्या. "थोरवे बाई, तुमचं कौतुक वाटतं," त्या म्हणाल्या. "पण दोन खोल्यांत पोरगी शहाणी आणि बाहेर पडली की पुन्हा एकटी, असं नको ना व्हायला? तिकडे तिच्यासारख्या मुली असतील. खाणाखुणांची भाषा बोलणारी शंभर माणसं असतील."

मॅडमचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि तेच बाईंना लागलं.

सगळे हॉलकडे निघाले आणि दारातच बाई थबकल्या. त्या पाहुण्यांच्या स्वागताला फाटकाकडे गेल्या तेवढ्यात डांगे हेडसरांनी पोरांना व्हरांड्यात काढून हौसेने भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरल्या होत्या. जाड, नव्याकोऱ्या, लाल-निळ्या पट्ट्यांच्या. मॅडम येणार आणि खाली उघडी फरशी, हे सरांच्या मनाला पटणं शक्यच नव्हतं. खुर्च्या मांडल्या, हार-तुरे झाले, पाहुणे बूट-चपलांसकट बसले. बाई सरांना खुणा करत राहिल्या आणि सर हसून मान डोलावत राहिले. तेवढ्यात पथक आत आलं आणि आर्शियाच्या हलगीवर टिपरी पडली.

केतकीने लेझीम उचललं आणि ती तशीच थांबली.

तिने खाली पाहिलं. एक पाय उचलून पुन्हा ठेवला. मग दुसरा. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुढचीच थांबल्यावर मागचं पथक अडखळलं, कोणाचा पाय पुढे, कोणाचा मागे. हलगी चालूच राहिली. केतकीने मागे वळून पाहिलं. तिला सगळ्यांचे हात हलताना दिसत होते आणि पायांना काहीही लागत नव्हतं. पाटी धरून कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी परत आली होती. मागच्या रांगेत तिची आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"बघा," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मला हीच भीती होती."

बाई सरांच्या कानाशी लागल्या. "सर, सतरंजी! सतरंजी काढायला हवी!"

"आत्ता? पाहुण्यांना उठवून?" सरांना घाम फुटला. "बाई, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हलगी थांबली. आर्शिया तळवे घासत खाली बघत होती. "आवं बाई," ती ओरडली, "माझ्या बी पायाला काय लागंना! फरशी मुकी झाली!"

आणि तिने परवानगी-बिरवानगी न विचारता हलगी बाजूला ठेवली, वाकून सतरंजीचं टोक धरलं आणि गुंडाळायला लागली. एक क्षण सगळे बघत राहिले. मग अख्खं पथक तुटून पडलं. "उठा की! बाजूला व्हा! खुर्ची उचला!" सरपंच उठले, मॅडम उठल्या, गुच्छ पडले, खुर्च्या भिंतीला लागल्या. डांगे सर क्षणभर डोक्याला हात लावून उभे राहिले आणि मग स्वतःच दुसऱ्या सतरंजीच्या टोकाला भिडले.

"मॅडम, चपला," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःच्याच धिटाईचं आश्चर्य वाटलं. "चपला बाहेर काढा आणि इथे उभ्या राहा. मग ठरवा."

मॅडमनी चपला काढल्या.

हलगी कडाडली आणि ती त्यांच्या तळव्यातून चढत पोटरीपर्यंत आली. त्या दचकल्या, मग हसल्या. समोर केतकीचं लेझीम छनकन वाजलं. काय ती पोरगी नाचली! बसून, उठून, गिरकी घेऊन, एकही ठेका न चुकता. पन्नास पावलं तिच्यामागे एकदम पडत होती आणि सगळा हॉल त्या थरथरीत भिजून गेला होता. केतकीची आई रडत होती आणि टाळ्या वाजवायच्या सोडून पाय आपटत होती. थोरवे बाईंना वाटलं, इतका आनंद आपल्याला आयुष्यात क्वचितच झाला असेल.

"वरचा वर्ग करून घेऊ," नाच संपल्यावर मॅडम धापा टाकत म्हणाल्या, जणू त्याच नाचल्या होत्या. "ती इथेच शिकेल. ट्रंकेत गहू भरा म्हणावं."

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. केतकी घामाने निथळत मॅडमसमोर आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने फरशीवर काहीतरी टकटकलं. मॅडमना पायाखाली मुंगी चालल्यासारखं वाटलं. बाकी सगळ्यांनी मात्र मॅडमकडे पाहिलं. डांगे सरांनीही मान खाली घातली.

"काय म्हणाली ती?"

"तुम्हाला न्हाई कळलं?" आर्शियाने खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं.

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. एवढ्या गर्दीत न समजलेल्या जवळजवळ त्या एकट्याच होत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "परत सांग म्हणावं."

केतकीने पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. तरीही त्यांना कळेना, तेव्हा आर्शियाने तोंडाने सांगितलं. "ती इचारतीय, मोठी झाल्यावर मला तुमच्या ऑफिसात काम करायचंय. तिथं चपला कुठं काढायच्या?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. पोरांच्या चपलांच्या ढिगात त्यांची काळी चप्पल शोधावी लागत होती.

"आमच्याकडे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे चपला घालूनच असतात."

फरशीने ते केतकीच्या पायापर्यंत पोचवलं. तिने थोडा विचार केला आणि अंगठा पुन्हा उचलला. या वेळी मॅडमनी डोळे मिटले आणि सगळं लक्ष तळव्यांत आणलं. पहिला शब्द निसटला, दुसराही. तिसरा मात्र त्यांना अर्धा का होईना लागला, आणि उरलेलं त्यांनी आर्शियाच्या तोंडून ऐकलं.

"मग मी तिथं कशी येऊ?"