सगळे पास, तरी फाटकाकडेच

परीक्षेत सगळ्या कामगारांना पैकीच्या पैकी गुण, आणि अमोनिया गळला तेव्हा सगळेच चुकीच्या बाजूला पळाले. असं कसं होईल, सांगा बघू!

मी शलाका. माझी आई तासगावच्या एका बेदाण्याच्या शीतगृहासाठी ऑनलाइन प्रशिक्षण (मोबाइलवरून कामाचे धडे) तयार करते. तिथल्या नळ्यांत गारव्यासाठी अमोनिया (डोळे आणि फुप्फुसं जाळणारा वायू) असतो. तो गळला तर वाऱ्याला आडवं पळायचं, हे आईनं किती छान चित्रं काढून शिकवलं होतं! पण परवा सगळे सवयीनं फाटकाकडे पळाले, आणि वाराही वायू घेऊन तिकडेच चालला होता. बाकीचे वाचले. तिथेच कामाला असलेला सर्जेराव मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ, दवाखान्यात आहे. त्याचे दोन्ही डोळे बांधलेत. डॉक्टर काहीच खात्रीनं सांगत नाहीत.

आई तेव्हापासून धड जेवलेली नाही. "मीच घात केला गं त्याचा," एवढंच म्हणते. मला तर वाटतं, तो मेला मोबाइल फोडूनच टाकावा!

शेवटी मी आमच्या घरच्या यंत्रमानवाला, ठमूला, धारेवर धरलं. "धडा बरोबर होता ना? मग?"

"तुझ्या शाळेच्या शर्टावरचं बोधचिन्ह काढून दाखव," ठमू म्हणाली.

रोज तर बघते! पण कागदावर नुसतं एक वर्तुळ उमटलं. मग तिनं पडद्यावर चार चिन्हं दाखवली. मी झटकन बरोबर चिन्हावर बोट ठेवलं.

"ही झाली ओळख (समोर दिसल्यावर पटणं). आधी जमलं नाही, ते पुनःस्मरण (समोर काही नसताना मनातून काढून आणणं). आईच्या धड्यात उत्तराचं चित्र वर आणि प्रश्न लगेच खाली. चुकलं की पुन्हा दाबा. चहा पिता पिता, धडा दुप्पट वेगानं पळवूनही सगळे पास! वायू आला तेव्हा समोर चित्र नव्हतं."

आई दारातच उभी होती. "साहेबांना शंभर टक्के निकाल हवा होता," ती म्हणाली, "आणि मलाही कुणाला नापास करवत नव्हतं." मग ती अशी रडली, की तिच्याजवळ जायचीही मला भीती वाटली.

"मग शिकवायचं तरी कसं?" मी विचारलं.

"आधी प्रश्न, चित्र नाही," ठमू म्हणाली. "चुकू द्यायचं, मग का चुकलं ते सांगायचं. काही दिवसांनी पुन्हा विचारायचं. विसरत चाललेलं स्वतः आठवून काढलं, की पक्कं बसतं."

आज आईनं पहिला प्रश्न दवाखान्यात मामालाच विचारला. "सर्जा, वारा तुझ्या पाठीवर आहे. मागून वायूचा वास आला. कुठे पळशील?"

"फाटकाकडे. ते समोरच असतं ना," मामा म्हणाला.

आईचा चेहरा पडला. वायूही वाऱ्याबरोबर मागोमाग येईल, हे तिनं त्याला समजावलं. बऱ्याच वेळानं तिनं प्रश्न बदलून विचारला. "आता वारा तोंडावर, वास समोरून."

मामानं हात उचलला आणि हळूहळू आडवा, खिडकीच्या बाजूला नेला.

"बरोबर!" आई जवळजवळ ओरडलीच.

"कामावरच्या पोरांनाही असंच विचार, ताई," मामा म्हणाला. "आणि माझ्या जागी ज्याला घेतील, त्याला सगळ्यात आधी विचार."