घोटांचा डबा

रेडिओ स्टेशनात नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी तिनं भलत्याच माणसाकडे पाणी मागितलं. आता यात तिची चूक म्हणाल तर काही नाही. बाहेर ऊन असं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि आत व्हरांड्यात एक सडपातळ गडी उभा... अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला भला मोठा जग. असल्या माणसाला कोण काय समजणार?

"अहो पाणीवाले, जरा घोटभर द्या ना."

त्यानं ग्लास भरून दिला. तिनं रिकामा करून पुन्हा पुढे केला. त्यानं पुन्हा भरला.

"प्या, प्या," तो म्हणाला. "पाणी माझ्या एकट्यासाठी आहे, पण नव्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

आवाज कानात शिरला मात्र, पाणी तिच्या नाकातून बाहेर आलं. हा आवाज रोज सकाळी आत्याच्या कपाटावरच्या रेडिओतून यायचा – "उठा मंडळी, सूर्यानं तोंड धुतलं, तुम्ही कधी धुणार?" अख्खं गाव त्याला 'सकाळवाले' म्हणायचं. आणि ती त्याच्यापुढे नाक पुसत उभी! पहिली भेट ही अशी.

तिचं काम रेकॉर्डिंगच्या फिती साफ करण्याचं. खोकला, खुर्चीची करकर, जे नको ते ब्लेडनं कापायचं आणि दोन टोकं चिकटपट्टीनं अशी जोडायची की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. हात तिचा सफाईचा. पण या गड्यानं तिला घाम फोडला. चार वाक्यं बोलला की हा पाणी पिणार... गट्ट! पुन्हा चार वाक्यं, पुन्हा गट्ट! माइक चांगला, त्यामुळे घोट घशातून उतरताना गावभर ऐकू गेला असता.

एक दिवस ती तणतणत स्टुडिओत शिरली.

"मफलरसाहेब, तुम्ही कार्यक्रम करता की विहीर उपसता?"

"का हो कात्रीबाई, काय झालं?"

"कात्री नाही, ब्लेड आहे. तुमचे घोट कापता कापता माझी बोटं कापली गेली. हे बघा!"

तिनं चिकटपट्ट्या लावलेली बोटं त्याच्या नाकापुढे नाचवली. त्यानं हसत हसत एक बोट हलकेच धरलं... आणि हसायचं विसरला. तीही बोट सोडवायचं विसरली. काचेपलीकडचा यंत्रवाला मात्र खाकरायचं विसरला नाही.

त्यानंतर काय नवल झालं कोण जाणे, फिती एकदम स्वच्छ यायला लागल्या. जग बाजूला तसाच भरलेला, माणूस अखंड बोलतोय, एक घोट नाही. ती खूश व्हायला हवी ना? पण ब्लेड हातात घेऊन बसायची, कान लावायची, आणि कापायला काहीच नाही म्हणून हिरमुसायची. बघा आता!

मग एक दिवस तो आलाच नाही. साहेबांनी जुनी फीत लावली आणि सांगितलं, तो दवाखान्यात आहे. ती तडक निघाली.

खाटेवर तो पांघरुणात गुंडाळलेला, हाताला सलाईन. चेहरा उतरलेला, पण तोंड चालू.

"या कात्रीबाई. इथे कापायला डॉक्टर आहेत, तुम्ही बसा."

"थट्टा पुरे. काय झालंय?"

"सिकलसेल. जन्मापासूनचा सोबती. लोकांच्या रक्तातल्या पेशी गोल, माझ्या विळ्यासारख्या वाकतात. वाटेत अडकल्या की हाडं अशी ठणकतात, की शत्रूलाही नको. ऊब आणि भरपूर पाणी... एवढं सांभाळलं की बऱ्याचदा गुमान वाहतात."

तिला आता मफलर कळला. जगही कळला. आणि मग डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे... पाणी तुम्ही मुद्दाम टाळत होता?"

तो छताकडे बघायला लागला.

"तुमची बोटं..." तो पुटपुटला.

"अहो, अक्कल आहे का तुम्हाला? माझ्या बोटांसाठी मरायला निघालात?"

"ओरडू नका, नर्स येईल. घोट शेवटी टाकूनच द्यायचे, त्यासाठी तुमची बोटं का कापायची, म्हटलं."

"टाकून कुणी दिले?"

"म्हणजे?"

आता छताकडे बघायची पाळी तिची.

"कापलेले तुकडे डब्यात आहेत. बिस्किटांच्या. सगळे."

तो उठून बसायला गेला, कण्हत परत आडवा झाला, आणि पडल्या पडल्या हसत सुटला. "माझे घोट... जपून ठेवलेत?"

"चहा थंड होतोय तुमचा," ती म्हणाली. चहा तिथे नव्हताच.

जरा वेळानं तो म्हणाला, "कात्रीबाई, एकदा रक्त तपासून घ्याल?"

"मला काय झालंय?"

"तुम्हाला नाही... हा दोष तुमच्याही रक्तात लपलेला असला, तर पुढे हे दुखणं पोरांच्या वाट्याला येऊ शकतं. म्हणून आधी..."

"कुणाच्या पोरांच्या?"

तो कानापर्यंत लाल. "आणि मी म्हातारा होईन असंही नाही बरं का. हे आत्ताच सांगतो."

"अशी मागणी घालतात का?" तिनं बाही वर केली. "बोलवा त्या नर्सला."

रक्त स्वच्छ निघालं. आत्या मात्र घाबरली. "अगं, रेडिओ बंद करता येतो, नवरा नाही येत!" पण दोघांनी लग्न केलं ते केलंच. दुसऱ्या दिवशी तिनं स्टुडिओचा एसी बंद केला. यंत्रवाला धावत आला, "वहिनी, मशीन तापेल!"

"तापू दे. मशीनला हाडं नसतात."

आणि घोट? लग्नानंतर एकही कापला नाही. पुढं गावालाही सवय लागली, सकाळवाले पाणी प्याले की घरोघरी लोक ग्लास उचलायचे. दुखण्यानं त्याला कितीदा तरी खाटेवर पाडलं. पण सुख असं, की मोजत बसायला दोघांनाही सवड झाली नाही.

तो गेला तेव्हा केस जेमतेम पिकायला लागले होते.

नव्या साहेबांनी आठवणींचा कार्यक्रम करायला सांगितला. "तुमच्या हातच्या सुरुवातीच्या फिती घ्या वहिनी. आवाज कसा स्वच्छ!"

तिनं मान डोलावली आणि घरून डबा आणला. एकेक तुकडा, एकेक चिकटपट्टी. जोड अजूनही सरळ.

सकाळी फीत लागली. शेवटी त्याचं बोलणं संपलं आणि सुरू झालं... गट्ट. गट्ट. गट्ट.

साहेब दारावर थापा मारायला लागले, "वहिनी, हे काय! लोकांना वाटेल नळ गळतोय!"

तिनं आतून कडी घातली होती. यंत्रवाला, आता टकलू झालेला, डोळे पुसत ग्लास तोंडाला लावून बसला होता. बाहेर गावात काय चाललं असेल ते तिला बघायची गरज नव्हती.

तिनंही त्याचा जग उचलला, ग्लास भरला, आणि फिरत्या फितीकडे बघून हळूच म्हणाली, "प्या हो... आता नाही कापत."