परतीची तार

वायरमनला वाटलं होतं, अर्थिंग तुटलं असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "ज्याला हात लावावा ते झिणझिणतं." दुपारचे साडेतीन वाजले होते. पाचला मुलीची शाळा सुटायची, म्हणून त्याने दारातच बोर्ड कुठे आहे ते विचारलं.

नळ, दाराची कडी, लोखंडी कपाट, त्याने सगळं तपासलं. कुठेच गळती नव्हती. शेवटी थट्टेने त्याने टेस्टर काकूंच्या मनगटाला टेकवला.

"तुमच्यातच करंट असेल."

टेस्टरमधला दिवा लागला.

त्याने मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. पुन्हा टेस्टर टेकवला, तर दिवा तसाच लागला.

"आमचे हेही वायरमनच होते," काकू म्हणाल्या. "याच बोर्डावर गेले. मी सांगेपर्यंत मेन लावू नकोस, असं ओरडून सांगितलं होतं त्यांनी."

"तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"आलं होतं की."

भाजी निवडताना बोलावं तितक्या निवांतपणे त्या बोलल्या.

आता निघावं, हे त्याला कळत होतं. पण वीस वर्षांत त्याने एकही बिघाड अर्धवट सोडला नव्हता. त्याने क्लॅम्प मीटर काढला. त्याचा चिमटा तारेभोवती अडकवला की आतून किती करंट वाहतोय ते कळतं. काकूंच्या उजव्या मनगटात दोन अँपिअर होते. एवढ्या करंटने माणूस जिवंत राहत नाही.

करंट येतो तसा परतही जातो. वाट पुरी झाल्याशिवाय तो वाहत नाही. डाव्या मनगटातही दोनच भरले. तो पंजा अर्धवट मिटलेला होता, कुणाचा तरी हात धरल्यासारखा.

त्याने चिमटा त्या बोटांच्या पुढे, रिकाम्या हवेत धरला.

दोन.

वीतभर पुढे नेला. तिथे चिमट्याचं तोंड पुरतं मिटेना. मध्ये काहीतरी जाड होतं.

"घरी कोण कोण असतं?" काकूंनी विचारलं.

"मुलगी. तिला आई नाही."

"आहे ना कुणीतरी. बरं झालं."

त्यांनी डावा पंजा उघडला. मीटर शून्यावर आला.

वायरमनच्या डाव्या तळहातात खरखरीत बोटं गुंतली.

जिना उतरताना तो भिंतीला घासत चालला, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.

शाळेच्या फाटकातून मुलगी धावत आली. ती नेहमी डावा हात धरायची. आज दोन पावलांवर थबकली, त्याला वळसा घालून उजवीकडे आली.

हात लावू नकोस, असं त्याला म्हणायचं होतं. जबडा उघडेना.

तिने हात धरला. त्याची बोटं आपोआप आवळली गेली.

वारा अजिबात नव्हता. तिच्या वेणीतून सुटलेले केस एकेक करून ताठ उभे राहू लागले.