मधलीसाठी घर

बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटे. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमध्ये माणसे होती दोन, आणि लिफ्टच्या छपरावर मांजर होते एक. या तिसऱ्या जिवाची खबर आतल्या दोघांना अजून लागलेली नव्हती.

दोघांपैकी ती पाचव्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करी. अंगात पांढरा कोट, हातात नव्या फ्रेम्सचा खोका. तो लिफ्टचा तपासनीस. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीसाठी आलेला. खांद्याला हत्यारांची पेटी आणि खिशावर बिल्ला.

तिने बिल्ला वाचला. "तुम्ही लिफ्ट तपासायला आलात ना?"

"हो."

"मग काय निघालं तपासात?"

"लिफ्ट बंद आहे."

"एवढं तर मलाही दिसतंय."

"दिसणं हे तुमचं खातं झालं," तो तिच्या हातातल्या फ्रेम्सकडे पाहत म्हणाला. "का बंद आहे, ते माझं."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात वरून एक बारीक, तक्रारखोर आवाज आला. दोघांनी एकदमच मान वर केली... आणि मान खाली घेताना एकमेकांकडे पाहिले. लिफ्टमधला दिवा अगदीच मंद होता. तरी तिचे हसू आवरतानाचे ओठ त्याला नीट दिसले.

त्याने पेटी उभी केली, तिच्यावर चढून किल्लीने छपराची झडप उघडली आणि डोके बाहेर काढले. दुरुस्ती करणाऱ्यांच्या सोयीसाठी छपरावर एक मोठे लाल बटण असते; ते दाबले गेले की लिफ्ट जागच्या जागी थांबते. त्या बटणावर एक राखाडी मांजर ऐसपैस बसलेले होते. शेपूट अर्ध्यातून मोडलेली, डोळे हिरवट, आणि चेहरा असा, की जणू तपासणी तेच करत आहे.

"कोण आहे?" खालून तिने विचारले.

"माझी साहेबीण," तो म्हणाला. "कोट पसरा. पाठवतोय खाली."

मांजर कोटात आले, बटण वर ओढले गेले, लिफ्ट हलली. पाचवा मजला येईपर्यंत मांजराने तिच्या बाहीत नखे रुतवून डोळे मिटले होते.

"हिचं नाव काय ठेवायचं?" दार उघडताना तिने विचारले.

"दोन मजल्यांच्या मध्ये सापडली. मधली."

नाव ठेवणे सोपे होते. मधलीला ठेवणे अवघड होते. ती नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहत होती आणि तिथल्या रेक्टरबाईंचे म्हणणे स्पष्ट होते— "या छपराखाली दोनच पायांची माणसं राहतात." पुष्कळ विनवण्या केल्यावर त्यांनी रविवार, २० तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत मुदत दिली. त्यानंतर एक तर मांजर नगरपालिकेच्या कोंडवाड्यात जाईल, नाहीतर खोली रिकामी होईल. मोडक्या शेपटीचे मांजर कोंडवाड्यातून कोणी घरी नेत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने दुकानाच्या दर्शनी भिंतीवर कागद लावला. वर ठळक, मोठ्या अक्षरांत: 'मधलीसाठी चांगले घर हवे.' खाली बारीक अक्षरांत बाकीचा तपशील.

तपासनिसाला मधली ठेवून घेता येण्यासारखी नव्हती. तो दादा-वहिनींकडे राहत होता, आणि वहिनींना मांजराच्या नुसत्या उल्लेखाने शिंका येत. पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तो हातात मोजफीत घेऊनच.

"घर द्यायचं तर पाहून द्यायला हवं," तो म्हणाला. "मी तपासून देतो."

"तुमची फी?"

"चहा."

"दोन कप की एक?"

"तुम्ही बरोबर असाल तर दोन."

पहिले घर बेकरीवाल्याचे. मायाळू माणूस होता, पण भट्टीचे तोंड दिवसभर उघडे असे. नापास. दुसरे घर एका नव्या जोडप्याचे, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीला जाळी नाही. नापास. दोन्ही वेळा त्याचे म्हणणे तिला पटले. कठड्यावरून वाकून, एक डोळा मिटून तो अंतर मोजत होता, तेव्हा तिला वाटले— इतके मन लावून आपल्याकडे कोणी पाहिले तर...? मग तिने तो विचार मधलीच्या टोपलीत ठेवून झाकण लावले. परतताना पावसाची सर आली. छत्री एकच होती. टोपली मध्ये धरून दोघे चालले, आणि दोघांचाही बाहेरचा खांदा भिजला. छत्री मोठी घ्यावी, असे मात्र कोणीच सुचवले नाही.

दुकानात तिसरा फोन सिस्टरांचा आला. निवृत्त परिचारिका, गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना सिस्टरच म्हणत. चष्म्याच्या काचा बदलायला टाकून जाताना त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला होता. अर्थात, चष्म्याशिवाय जेवढा वाचता येतो तेवढाच.

"माझ्याकडे चांगलं घर आहे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी संध्याकाळी या. घरचं माणूस बरोबर आणा."

गुरुवारी सिस्टरांनी दोघांना समोर बसवले आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिले.

"मधली किती वर्षांची?"

"दीड वर्षाची असेल," ती म्हणाली. "दातांवरून वाटतं तसं."

सिस्टरांनी डोळे आणखी बारीक केले. "दीड... मग एवढी घाई कशाला करताय?"

"रविवारनंतर तिला ठेवता येणार नाही. रेक्टरबाई ऐकत नाहीत."

"बरं. बाकीच्या दोघींचं ठरलं का?"

"कोणत्या दोघी?"

"अगं, मधली म्हटल्यावर एक थोरली नि एक धाकटी असणारच ना?"

तपासनिसाला ठसका लागला. "सिस्टर, ती तशी मधली नाही. दोन मजल्यांच्या मधली."

"म्हणजे तुम्ही जिन्यात राहता?"

तिने मुकाट्याने टोपलीचे झाकण उघडले. मधलीने डोके वर काढले, खोलीवरून नजर फिरवली, आणि सरळ सिस्टरांच्या मांडीवर जाऊन बसली.

सिस्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मांजर होय! आणि मी बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मुलाला कळवून बसले. चौतिशीचा आहे, लग्न जमत नाहीये कुठे. म्हटलं, तीन मुलींचं जोडपं दिसतंय, स्थळ आपणहून चालून आलंय. आवाज कोवळे वाटले तुमचे, पण म्हटलं असेल..."

'जोडपं' हा शब्द खोलीत बराच वेळ राहिला. दोघेही खालच्या एकाच फरशीकडे पाहत होते.

"आम्ही... तसे नाही," ती म्हणाली.

"अजून नाही," असे काहीतरी तो पुटपुटला. पण ते शब्द फक्त मधलीच्या कानापर्यंत पोचले असावेत.

मग त्याने घर तपासले. तळमजला, मागे बंदिस्त अंगण, उन्हाची खिडकी, दिवसभर घरात असणारे माणूस. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मागच्या खिडकीचे गज त्याने एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले. बाहेरच्या खोलीत ती आणि सिस्टर मधलीच्या मोडक्या शेपटीवरून काही बोलून हसत होत्या. त्या हसण्याकडे त्याचे लक्ष गेले. फीत गुंडाळायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"नापास," तो बाहेर येऊन म्हणाला. "मागच्या खिडकीचे गज फार लांब लांब आहेत. मांजर निसटेल."

सिस्टरांचा हात मधलीच्या पाठीवर थांबला. "बरं," त्या म्हणाल्या. "त्यातलं तुम्हाला कळतं."

टोपलीत जाताना मधलीने पहिल्यांदाच रागाने नखे काढली.

शनिवारी सकाळी सिस्टर नवा चष्मा घेऊन गेल्या आणि दुपारी परत आल्या.

"काचांत काही दोष राहिलाय का?" तिने काळजीने विचारले.

"काचा छान आहेत. दोष तुमच्या त्या तपासनिसात आहे." सिस्टरांनी मूठ वळून दाखवली. "त्या गजांतून ही जात नाही. मांजर कुठून जाणार? माझं घर आवडलं नव्हतं, तर तोंडावर सांगायचं. गजांना कशाला बोल लावायचा? असो. उद्या सहा वाजता दूधवाला त्याच्याकडचं पिल्लू आणून देतोय मला."

तपासनीस शेजारच्या इमारतीत काम करत होता. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो; त्यात तो कमरेइतका उतरलेला, हाताला वंगण लागलेले. ती उघड्या दारात येऊन उभी राहिली.

"तू खोटं बोललास."

त्याने विजेरी खाली ठेवली. कोणत्या बाबतीत, असे विचारले नाही.

"गज बरोबर होते," तो म्हणाला. "दोनदा मोजले."

"मग का?"

"ते घर पास झालं असतं की सगळं... संपलं असतं. पुन्हा तुमच्या दुकानात यायचं तर मला चष्मा लागायला हवा. आणि माझे डोळे चांगले आहेत."

एरवी तिला हसू आले असते. आज आले नाही. "त्यासाठी एका मुक्या जिवाचं घर घालवलंस? उद्या सहानंतर तिला कोंडवाड्यात नेतील. तेव्हा काय शेरा मारशील?"

त्याचा चेहरा पडला. खरे तर तो पडलेला चेहरा पाहूनच तिचा राग अर्धा उतरला, पण तिने तसे दाखवले नाही.

"चूक आहे," तो शेवटी म्हणाला. "कामात असा शेरा मी कधी मारलेला नाही. उद्या सिस्टरांच्या दारात उभा राहून खरं सांगतो. हाकललं तरी सांगतो." मग जरा थांबून— "एक विचारू? तुम्ही मघापासून मला 'तू' म्हणताय."

"रागात म्हणतेय."

"राग गेल्यावर परत 'तुम्ही' का?"

"आधी तिला घर मिळवून दे," ती म्हणाली. "व्याकरण नंतर पाहू."

रविवारी पाच वाजता त्यांनी सिस्टरांची कडी वाजवली. पाऊस भुरभुरत होता. सिस्टरांनी दार उघडले, पण वाट अडवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"गुरुवारी मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "तुमचं घर पास आहे. मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं आहे. मधलीला ठेवून घ्या. मला हवं तर बाहेरच उभं करा."

"खोटं का सांगितलंत?"

तो छत्री मिटू लागला.

"दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय मी कधी कोणाला औषध दिलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "आत या. पण उत्तर मिळाल्याशिवाय टोपली उघडायची नाही."

आत कोणीच बसले नाही. टोपलीतून हलकी खरडखरड ऐकू येत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने एकदा पाहिले आणि मग त्याच्याकडे. त्याने हातातली फीत उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"मला हिच्याबरोबर अजून घरं पाहायची होती," तो म्हणाला.

"कोणासाठी? मांजरासाठी?"

"सुरुवातीला मांजरासाठी. मग मला कळलं की प्रत्येक घरात शिरलो की मी बघतोय, इथे हिची आरामखुर्ची कुठे येईल, सकाळी ऊन हिच्या डोळ्यांवर तर येणार नाही ना... मांजराची उंची मी मोजायचीच विसरून गेलो. पुढचं घर पाहायचं ते आमचंच पाहायचं, असं मनात आहे. हिच्या मनात असेल तर."

सिस्टरांनी नवा चष्मा नीट बसवला आणि तिच्याकडे वळल्या. "ऐकलंस ना? आता तू सांग."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डोळे तपासताना ती अनोळखी माणसांच्या डोळ्यांत सहज पाही. आत्ता त्याच्या डोळ्यांत पाहायला तिला थोडे बळ आणावे लागले. पण तिने पाहिले, आणि मग नजर काढलीच नाही.

"खुर्ची खिडकीशी हवी," ती म्हणाली. "आणि पुढचं घर मी तपासणार. तू फक्त फितीचं दुसरं टोक धर."

"तू?" त्याने हळूच विचारले.

"तू."

"राग गेला?"

"कालच गेला होता... पण तुला कशाला सांगू?"

सिस्टरांनी स्वतःच टोपलीचे झाकण काढले. मधली बाहेर आली, अंग ताणले, मागच्या खिडकीपाशी गेली, गजांना नाक लावून पाहिले. बाहेर जाण्याची कसलीच घाई तिला दिसली नाही. ती परतली आणि सिस्टरांच्या पायांशी वेटोळे करून बसली. सिस्टरांनी दूधवाल्याला फोन लावला.

"पिल्लू नको रे आता. गुटगुटीत आहे, त्याला दहा घरं मिळतील. माझं मांजर आलंय. दूध मात्र उद्यापासून पाव लिटर जास्त टाक."

तिने रेक्टरबाईंना फोन करून मधलीला घर मिळाल्याचे सांगितले. पलीकडून "पत्ता खरा आहे ना?" असा प्रश्न आला, तेव्हा सिस्टरांनी फोन हातात घेतला आणि परिचारिकेच्या ठेवणीतल्या आवाजात पत्ता दोनदा सांगितला. खोलीची काळजी तिथेच मिटली.

निघताना टोपली सिस्टरांकडेच राहिली. छत्रीखाली त्या दोघांच्या मध्ये धरायला आता काही नव्हते. त्याने छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि मोकळा झालेला हात तिने आपल्या हातात घेतला.

त्या दारातून पाच वाजता आत गेले होते तीन जीव. सहाच्या आत बाहेर आले दोन.